जुनं पोकेमॉन पुन्हा पाहताना: काय टिकलं, काय नाही

गिरणाकाठ (धागाकर्ता)

उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि माझी मुलगी (वय ८) जुनं पोकेमॉन पहिल्या भागापासून बघायला बसलो. अ‍ॅश, मिस्टी आणि ब्रॉकवालं, तेच. (पोकेमॉन म्हणजे माणसं पकडून, सांभाळून एकमेकांशी लढवतात ते काल्पनिक प्राणी; ही त्यांचीच कार्टून मालिका.) रोज रात्री जेवणं झाली की ओट्यावर मोबाईल टेकवायचा आणि दोन भाग बघायचे. पहिली लीग (लढतींची मोठी स्पर्धा) परवा संपली. डोक्यात बरंच साठलंय, म्हणून धागा काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही मालिका जपानमध्ये १ एप्रिल १९९७ ला सुरू झाली. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हिंदीत आली २००३ मध्ये. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. केबल चार-पाच घरांतच, त्यातलं एक आमच्या चुलत्यांचं. शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच जायचो. पुढे भारनियमन वाढलं आणि लढत ऐन रंगात आली की लाईट जायची. अर्ध्या लढतींचा निकाल आम्हाला दुसऱ्या दिवशी तालुक्याला शिकणाऱ्या पोरांकडून कळायचा.

तेव्हा मी ती मालिका लढतींसाठी बघायचो. आता ३४ व्या वर्षी वाटतं, तिच्यातला सगळ्यात कच्चा भागच लढतींचा आहे. पक्का भाग आहे माणूस आणि जनावर यांच्यातल्या नात्याचा.

कच्चं आधी सांगतो. अ‍ॅशला कांटो प्रांतात आठ बॅज मिळवायचे असतात; एका जिमच्या (लढतीच्या आखाड्याच्या) प्रमुखाला हरवलं की एक बॅज, आठ झाले की लीगमध्ये प्रवेश. या वेळी आम्ही वहीत नोंद ठेवली. पहिल्याच जिममध्ये तो ब्रॉकच्या ऑनिक्स या दगडी सापासारख्या पोकेमॉनसमोर उभा राहतो. पिकाचू या त्याच्या लाडक्या पोकेमॉनच्या विजेने आग विझवायचे फवारे सुरू होतात, ऑनिक्स भिजून गळपटतो, आणि अ‍ॅश पुढे लढायचं नाकारतो. ब्रॉक चांगुलपणाने बॅज देऊन टाकतो. दुसरा बॅज मिस्टीच्या बहिणी देतात. मिस्टीशी चाललेली लढत टीम रॉकेट या पोकेमॉन चोरणाऱ्या टोळीमुळे मोडलेली असते. एरिकाच्या जिमला आग लागते, अ‍ॅश ग्लूम या तिच्या पोकेमॉनला वाचवतो, म्हणून पाचवा. सबरीनाला हाँटर हा भुतासारखा पोकेमॉन हसवतो, तिथे आणखी एक. आठवा तर टीम रॉकेटच्या हातून मिळतो. सरळ लढून मिळवलेले माझ्या हिशोबात तीनच: सर्ज, कोगा आणि ब्लेन यांच्या जिमचे. मुलगी म्हणाली, “पप्पा, याला पेपर न लिहिता पास करता का?”

लहानपणी हे खटकलं नव्हतं, कारण अधलेमधले भाग लाईटने खाल्ले होते. आता सलग बघताना फार खटकतं. लेखकांनी लढत उभी करायची आणि ती जिंकायची वेळ आली की काहीतरी आपत्ती आणायची. मग लीगमध्ये अ‍ॅश पहिल्या सोळांत येऊन रिचीकडून हरतो, तेव्हा आपल्याला धक्का बसायला हवा, पण खोलवर आपल्याला ठाऊक असतं की हा पोरगा इथवर येण्याइतका तयार झालेलाच नाही. आणि तो हरतो कशामुळे? त्याचा चारिझार्ड (आग ओकणारा पोकेमॉन) मैदानातच आडवा होतो. सांगितलेलं ऐकत नाही.

इथून मी पक्क्या बाजूकडे येतो, कारण तो चारिझार्ड असा का झाला याची सगळी गोष्ट मालिकेनं आधी सांगून ठेवलेली आहे. अकराव्या भागात तो चारमेंडर, म्हणजे चारिझार्डचं लहान रूप, असतो. मालकाने त्याला एका दगडावर बसवून ‘मी येतो’ सांगितलेलं असतं, आणि मालक येणार नसतो. पाऊस सुरू होतो. शेपटीवरची ज्योत विझली तर जीव जाईल, आणि त्या जिवाने डोक्यावर एक मोठं पान धरलंय. दगड सोडत नाही. इतकंच चित्र. पोरगी त्या वेळी माझ्या दंडाला धरून बसली होती आणि तिने एकच विचारलं, “त्याला कळत नाही का तो येणार नाही ते?”

मला उत्तर द्यायला वेळ लागला. कारण सांगतो.

२००४ च्या पोळ्यानंतर आमच्याकडे तांबडा नावाचा बैल विकला. जोडीतला दुसरा आजारपणात गेला होता आणि एकट्या बैलावर शेत होत नाही. वडिलांनी ट्रॅक्टर भाड्याने सांगायला सुरुवात केली होती. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरी ठेवतात. घेणाऱ्याने आपली दोरी आणली, वडिलांनी तांबड्याच्या गळ्यातलं दावं सोडलं, दुसरी दोरी बांधून झाली, आणि तांबडा तिथेच उभा राहिला. घेणारा ओढतोय आणि हा वडिलांच्या हातातल्या जुन्या दाव्याकडे मान वळवून उभा. त्याला वाटत असेल, ते दावं हललं की चालायचं. शेवटी वडिलांना त्याच्या पुढे होऊन मारुतीच्या पारापर्यंत चालावं लागलं. मग तो निघाला.

दावं अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे.

त्याच सुमारास मी बटरफ्रीचा भाग पाहिला होता. अ‍ॅशने स्वतः पकडलेला पहिला पोकेमॉन म्हणजे कॅटरपी, त्याचंच बटरफ्री होतं, आणि विणीच्या हंगामात तो त्याला त्याच्या थव्याबरोबर समुद्रापलीकडे सोडून देतो. चुलत्यांच्या घरात आम्ही सात-आठ पोरं होतो, कोणी बोललं नाही. मी घरी येऊन गोठ्यात बसलो. आई समजली की मला शाळेत मारलंय.

म्हणून माझं मत असं आहे: लढणाऱ्या जनावरांची मालिका म्हणून हिला पन्नास टक्के गुण, सांभाळलेल्या जनावरांची मालिका म्हणून नव्वद. तुम्हाला काय वाटतं? तुमचे आवडते-नावडते भाग सांगा.

---

वरणबट्टी (धुळे)

गिरणाकाठ, तांबड्याचं वाचून थांबले थोडा वेळ.

पुनरावृत्तीचा मुद्दा तुम्ही सोडलात, तो मी मांडते. माझा मुलगा आता हीच मालिका बघतो आणि मी भाकरी करता करता नुसत्या आवाजावरून सांगू शकते की किती मिनिटं झालीत. गावात शिरले, कोणीतरी अडचणीत, टीम रॉकेट यंत्र घेऊन आली, पिकाचूने झटका दिला, आकाशात उडाले. पहिली जपानी मालिका २७६ भागांची आहे, १९९७ ते २००२. त्यातले निम्मे भाग काढले तरी कथेचं काही बिघडणार नाही.

तरी एक सांगते. माझ्या मुलाला तेच तेच आवडतं. त्याला पुढे काय होणार हे माहीत असतं आणि म्हणूनच तो शांत बसतो. मोठ्यांना जे कंटाळवाणं, ते पाच वर्षांच्या मुलाला घरासारखं वाटतं. त्यामुळे ही खोट की गुण, हे बघणाऱ्याच्या वयावर आहे.

---

टाईपचार्ट (भुसावळ)

लढतींबद्दल सहमत, पण एक लढत तुम्ही उडवली आणि ती न्यायाने यायला हवी: लेफ्टनंट सर्ज. पिकाचू पहिल्यांदा सर्जच्या रायचूकडून (पिकाचूचंच वाढलेलं रूप) बेदम मार खातो. दवाखान्यात त्याला थंडरस्टोन समोर ठेवतात, तो लावला की तोही रायचू होईल. पिकाचू शेपटीने तो दगड उडवून देतो. मग दुसऱ्या लढतीत ते जोरावर जोर लावतच नाहीत. सर्जने रायचूला घाईने वाढवलंय, त्यामुळे वेगाचे डाव तो शिकलाच नाही, हे ते हेरतात. पिकाचू त्याला पळवून पळवून दमवतो. लढतीत विचार आहे, आणि विचारातून स्वभावही कळतो. असे दहा भाग असते तर तुमचा हा धागा वेगळा झाला असता.

बाकी गेम खेळलेल्या माणसाला मालिका फार त्रास देते. मूळ गेम २७ फेब्रुवारी १९९६ चे, रेड आणि ग्रीन. गेममध्ये नियम काटेकोर आहेत: वीज जमिनीवाल्या पोकेमॉनवर चालत नाही, शून्य. ऑनिक्स दगड आणि जमीन दोन्ही. तरी पाणी पडलं म्हणून वीज लागली. ऱ्हायडॉनच्या (तोही जमिनीवाला) वेळी अ‍ॅश ‘शिंगावर मार’ म्हणतो आणि तेही चालतं. आम्ही पोरं यावरून भांडायचो, कारण चिप्सच्या पाकिटातले टॅझो (पोकेमॉनची चित्रं असलेल्या चकत्या) खेळताना आम्ही गेमचेच नियम लावायचो. ज्या खेळात नियम आयत्या वेळी बदलतात तो मुलांना लवकर नकोसा होतो. कबड्डीत कोणी असं केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी घेत नाहीत.

---

गिरणाकाठ

टाईपचार्ट, सर्जची लढत मी तीनांत धरली होती पण एवढं लिहायला हवं होतं, बरोबर आहे. थंडरस्टोन उडवण्याचा प्रसंग मी परत लावून पाहिला. पिकाचू एक शब्द बोलत नाही आणि सगळं कळतं.

वरणबट्टी ताई, तुमचा वयाचा मुद्दा मान्य. माझी मुलगी आठची, ती मधोमध आहे. कधी कंटाळते, कधी तोच भाग पुन्हा लावायला लावते.

---

ढोरडॉक्टर (शिरपूर)

मी पशुवैद्यक आहे, बावीस वर्षं खेड्यांत फिरतोय. माझा आक्षेप लढतींच्या लेखनावर नाही, लढतींच्या परिणामांवर आहे. जखमी पोकेमॉनला दवाखान्यात नेलं, यंत्रात ठेवलं, मिनिटाभरात घंटी वाजली, बरा झाला. पैसे नाहीत, टाके नाहीत, पू नाही, ताप नाही.

झुंजीतून आणलेला कोंबडा मी टाकलाय शिवून. पायाला पातं बांधलेलं असतं. समोरच्याच्या छातीचा स्नायू हाडापर्यंत उघडतो. पक्ष्याला वेदना दाखवायची सवय नसते, तो डोळे अर्धे मिटून गप्प बसतो, आणि मालक म्हणतो ‘डॉक्टर, बरा दिसतोय.’ बरा नसतो. संध्याकाळपर्यंत जातो. प्राण्यांना झुंजवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे, कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तरी होतं.

मुलांना हे चित्र दाखवा असं मी म्हणत नाही. पण झुंजीला काहीच किंमत मोजावी लागत नाही असं शेकडो भागांत दाखवणं, याला मी मालिकेची सगळ्यात मोठी खोट म्हणतो. तुमची बॅजची खोट त्यापुढे किरकोळ आहे.

---

शहादेकर (शहादा)

डॉक्टरसाहेब, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मला पटत नाही. आमची सगळी पिढी हे बघून वाढली. आमच्यातला एकही जण कोंबडे झुंजवायला गेला नाही. जे झुंजवतात त्यांच्या घरी हे कार्टून कधी लागलंही नसेल, ती सवय कार्टूनच्या फार आधीची आहे.

आणि मालिका हा प्रश्न टाळतच नाही. सतराव्या भागात, त्या महाकाय पोकेमॉनच्या बेटावर, माणसं नसताना पोकेमॉन आपसांत बोलतात आणि पडद्यावर त्याचा अर्थ लिहून येतो. टीम रॉकेटचे एकान्स आणि कॉफिंग हे पोकेमॉन सांगतात की आम्ही वाईट नाही, मालक वाईट काम सांगतात म्हणून आम्ही करतो. लहान मुलांच्या कार्यक्रमात जनावराच्या तोंडी हे घालणं साधं नाही. १९९८ चा मेवटूचा (नक्कल करून बनवलेला पोकेमॉन) चित्रपटही तोच प्रश्न घेऊन उभा आहे. मूळ आणि नक्कल दोघं दमून कोसळेपर्यंत एकमेकांना मारतात, आणि बघणाऱ्यालाच ते असह्य होतं.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत मी लहानपणापासून जातो. घोडा घेणारे दात बघतात, खूर बघतात, चाल बघतात. आणि काही थोडे जण घोड्याच्या नाकाजवळ हात नेऊन नुसते उभे राहतात, तो हुंगेपर्यंत. माझे काका त्यातले. अ‍ॅश मला त्या थोड्या जणांतला वाटतो. लढवतो तो, पण आधी हुंगू देतो.

---

ढोरडॉक्टर

शहादेकर, सतरावा भाग मला माहीत नव्हता, बघतो. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि पुढच्या भागात पुन्हा निवांत लढवायला लागणं वेगळं. मेवटूच्या चित्रपटाचा शेवट ‘लढणं वाईट’ असा होत असेल, तर पुढच्या आठवड्यात टीव्हीवर लढती कशा काय चालू राहतात? मुलं हे विसंगत आहे असं म्हणत नाहीत, पण त्यांना ते जाणवतं.

तुमच्या काकांना नमस्कार सांगा. हुंगू देणारी माणसं माझं अर्धं काम सोपं करतात.

---

मनापोऱ्या (साक्री)

बठ्ठा लोके अ‍ॅश-पिकाचूवर लिखतस, मी मियाउथवर (टीम रॉकेटमधला बोलणारा मांजर-पोकेमॉन) लिखस.

माझी आजी फक्त अहिराणी बोलायची. टीव्हीसमोर बसली की विचारायची, “हाई उंदीर शे का ससा?” पिकाचूबद्दल. तिला हिंदी कळत नव्हतं, पण मियाउथ बोलायला लागला की म्हणायची, “हाऊ मानूसनंगत काबरं बोलस?” मला तेव्हा उत्तर ठाऊक नव्हतं. पुढे तो भाग पाहिला ज्यात त्याची मागची गोष्ट आहे. त्याला एक मांजरी आवडते, तिला माणसं आवडतात, म्हणून हा दोन पायांवर चालायला आणि माणसाची भाषा बोलायला शिकतो. रात्र रात्र घोकतो. आणि ती त्याला म्हणते, तू तर विचित्र झालास.

शाळेत मी अहिराणी बोललो की मास्तर हसायचे. मी पुस्तकातली मराठी शिकलो, मग पुण्यात नोकरीसाठी आणखी वेगळी. सुटीत गावी आलो की पोरं म्हणायची हा साहेबासारखा बोलतो. मियाउथचा तो भाग मी नोकरी लागल्यावर पुन्हा पाहिला आणि टीव्ही बंद करून अंगणात गेलो. ताकेशी शुदो नावाचे लेखक या मालिकेच्या सुरुवातीच्या कथेची धुरा सांभाळत होते, २०१० मध्ये गेले. टीम रॉकेटला नुसते चोर न ठेवता त्यांना भूक, गरिबी, मागची गोष्ट दिली, ही माझ्या मते मालिकेची सर्वांत मोठी ताकद. पुढच्या मालिकांत ती पातळ होत गेली.

---

वरणबट्टी

मनापोऱ्या भाऊ, तुमच्या आजींचा प्रश्न मनात राहिला. घरी अहिराणीत बोला भाऊ. आम्ही धुळ्यात राहूनही मुलांशी बोलणं सोडलं होतं, आता परत सुरू केलंय.

---

सेलपेंट (अमळनेर, सध्या पुणे)

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, चित्रांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

दोष आधी. हे दर आठवड्याला काढलेलं काम आहे आणि ते दिसतं. बोलताना फक्त ओठ हलतात. हल्ला करतानाची चित्रं तीच तीच वापरली आहेत. मागे रेषा पळवल्या की वेग आला असं समजायचं. गर्दीतले लोक पुतळे. लढती कच्च्या वाटण्यामागे हेही कारण आहे: वजन काढायला चित्रं लागतात, चित्रांना वेळ लागतो. ऑनिक्स पडतो तेव्हा जमीन हादरल्यासारखी वाटत नाही, कॅमेरा हलवून काम भागवलंय.

पण सुरुवातीची वर्षं ही पारदर्शक शीटवर हाताने रंगवलेली आहेत, संगणकावर ते नंतर गेले. मागची दृश्यं नीट बघा. संध्याकाळचं नारिंगी आकाश, त्याखाली काळपट हिरवं गवत, खांबांवरच्या तारा. रंगाचा ब्रश दिसतो. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचे आणि मग तिथली शेतं-तळी बांधकामाखाली गेली. ती हरवलेली जागा या दृश्यांत उतरलीय असं मला नेहमी वाटतं. मी अमळनेरला बोरी नदीत असाच हिंडायचो, म्हणूनही असेल.

आवाजाचं एक. पिकाचूचा आवाज इकुए ओतानी या बाईंचा आहे आणि जगातल्या बहुतेक भाषांत तो तसाच ठेवलाय. एका शब्दाचे तुकडे करून त्या राग, लाड, दुखणं सगळं दाखवतात. दोन हजार चित्रं काढूनही आम्हाला ते जमत नाही.

आणि पोरिगॉन नावाच्या पोकेमॉनच्या भागाचा उल्लेख व्हायलाच हवा. १६ डिसेंबर १९९७. लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा लुकलुकला आणि जपानमध्ये ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी झगमगाटावर नियम बसवले, आजही आम्ही काम देताना लुकलुक तपासूनच देतो. लढतीला ताकद दाखवायची म्हणून प्रकाश वाढवत नेण्याची ती सवय होती. चित्रात वजन कमी पडतं तिथे झगमग भरली जाते.

---

टाईपचार्ट

त्या प्रसंगातला झटका पिकाचूचा होता, आणि पडद्यावरून कायमचा गेला बिचारा पोरिगॉन. त्याच्या पुढच्या रूपांनाही नंतर मालिकेत धड जागा मिळाली नाही. लहानपणी मला याचा फार राग यायचा, अजून येतो.

---

गिरणाकाठ

सेलपेंट, वजनाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आता बघताना कळतंय की मला लढती पोकळ का वाटल्या. कथेत किंमत नाही (डॉक्टर म्हणतात ती) आणि चित्रात वजन नाही. दोन्ही एकच गोष्ट आहे.

डॉक्टरसाहेब, तुमचं म्हणणं मी दोन दिवस घोळवलं. पन्नास टक्के मी जास्त दिले होते, चाळीस करतो. पण एक भाग तुम्ही जरूर बघा. पहिल्या लीगनंतरचा, ऑरेंज बेटांवरचा. न ऐकणारा चारिझार्ड पोलीरॅथ नावाच्या पोकेमॉनच्या हल्ल्याने बर्फात गोठतो. तिथे यंत्र नाही, घंटी नाही, मिनिटाभरात बरं होणं नाही. अ‍ॅश शेकोटी पेटवतो आणि रात्रभर स्वतःच्या हातांनी त्याचं अंग चोळत बसतो, हात सोलून निघेपर्यंत. चारिझार्ड त्यानंतर त्याचं ऐकायला लागतो.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करतात, तुम्हाला सांगायला नको. गरम पाण्याने खांदे शेकायचे, तूप-हळद लावून चोळायचं. जूं घासून घासून तिथली कातडी जाड आणि काळी झालेली असते. वर्षभर ज्या खांद्यावर ओझं टाकलं त्याला एका संध्याकाळी हात लावायचा. वडील चोळताना बोलायचे नाहीत. मग हलकेच बैलाच्या कानात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. चारिझार्डच्या त्या भागात मला तेच दिसलं. मालिकेला हे कळत होतं, आणि तरी तिने ते फार थोड्या वेळा केलं, ही माझी खरी तक्रार.

---

ढोरडॉक्टर

पाहिला. रात्री मुलाबरोबर पाहिला. चोळण्याची पद्धत चुकीची आहे, गोठलेलं अंग इतकं जोरात चोळू नये, ऊब हळूहळू द्यायची. पण तो रात्रभर उठला नाही हे बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या जनावरांत अर्धी औषधाने वाचतात आणि अर्धी मालक रात्रभर बसला म्हणून.

---

शहादेकर

पिजॉट या पक्षी-पोकेमॉनचं पण लिहा कोणीतरी. अ‍ॅश त्याला थव्याचं रक्षण करायला सोडतो आणि परत येईन म्हणून शब्द देतो. मग मालिका ते विसरूनच गेली. अ‍ॅशची कथा २०२३ मध्ये संपवताना शेवटी एकदाचा पिजॉट परत आणला. वीसहून जास्त वर्षं. दरम्यान अ‍ॅश २०१९ मध्ये अलोला प्रांताची लीग जिंकला, २०२२ मध्ये जगज्जेता झाला. मी दोन्ही वेळा आनंदलो, पण डोळे भरून आले ते पिजॉट आला तेव्हा. गिरणाकाठ, तुमचंच म्हणणं झालं हे.

---

वरणबट्टी

एक शंका. माझा मुलगा विचारतोय, अ‍ॅशकडे अचानक तीस टॉरस (बैलासारखे पोकेमॉन) कुठून आले? आम्ही एकही भाग गाळला नाही.

---

टाईपचार्ट

ताई, तुम्ही नाही, त्यांनीच गाळलाय. सफारी झोनचा एक भाग आहे, त्यात पहारेकरी अ‍ॅशवर बंदूक रोखतो. अमेरिकेत तो दाखवला नाही, आणि आपलं हिंदी त्या इंग्रजीवरूनच झालं. त्या भागात अ‍ॅश पोकेमॉन पकडायचा जो बॉल फेकेल त्यात टॉरसच सापडतो. असे तीस. मग ते प्रोफेसर ओक या पोकेमॉन-संशोधकाकडे कुरणात असतात.

---

गिरणाकाठ

हे मलाही आजच कळलं. संध्याकाळी ओट्यावर मुलीला वाचून दाखवलं. वडील शेजारी खाटेवर होते, त्यांना वाटलं खरंच कोणाकडे तीस बैल आहेत. मी टॉरसचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शिंगं बघितली, तीन शेपट्या बघितल्या, काही बोलले नाहीत. मग हिशोब सुरू केला. एका बैलाला दिवसाला सहा किलो सुका चारा धरला तरी तिसांना १८०, वर ढेप, वर पाणी, हाऊ मानूस एकटा कसा करस? मुलगी म्हणाली, ओक आजोबांकडे मोठं कुरण आहे.

“ते ठीक शे,” वडील म्हणाले. “पन पोयाले त्यासना खांदा कोन चोयस?”